म्हातारीच्या बुटासमोरची टाकी

2025 च्या गुढीपाडव्याला मुंबईत मलबार हिलवर एक नवी पायवाट खुली झाली. कमला नेहरू पार्कच्या मागच्या उतारावरून, झाडांच्या फांद्यांच्या उंचीने जाणारी, 485 मीटर लांबीची. 25 रुपयांचं तिकीट, वाटेत काचेच्या जमिनीचा सज्जा आणि समोर गिरगाव चौपाटी. ही पायवाट बघायला आलेली माणसं बहुधा रस्ता ओलांडून समोरच्या हँगिंग गार्डनमध्येही जातात, कापून हत्ती-उंटाचे आकार दिलेली झुडपं बघतात, आणि त्यांच्यातला कोणीतरी हमखास विचारतो, "पण इथे हँगिंग काय आहे?"

लटकणारं काहीच नाही. शाळेच्या सहलीत कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय आणि राणीची बाग एका दिवसात उरकलेल्या पिढीला हा प्रश्न जुनाच आहे. बाईंनी तेव्हा दिलेलं उत्तर असं होतं, की बाग डोंगरावर आहे म्हणून हँगिंग. पटलं नव्हतं.

2023 मध्ये याच बागेवरून मोठा वाद झाला. झाडं तोडणार, बाग काही वर्षं बंद ठेवणार, 698 कोटींचं काम, रहिवाशांचा विरोध, आयआयटीचे प्राध्यापक. बातम्या वाचणाऱ्याचा गोंधळ उडायचा, कारण मथळ्यात बाग असायची आणि मजकुरात पाणी. बाग आणि पाण्याचं नातं एकदा नीट कळलं की तो सगळा वाद सोपा होतो. ते नातं असं आहे: आपण जिच्यावरून चालतो ती हिरवळ म्हणजे एका अवाढव्य टाकीचं झाकण आहे.

## झाकणाखाली किती पाणी?

बागेचं अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. खाली मलबार हिल जलाशय. जलाशय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलाव येतो, पण इथे तसं काही नाही. जमिनीत बांधलेल्या, वरून बंद केलेल्या, पाच कप्प्यांच्या टाक्या आहेत. 1887 सालचं हे बांधकाम. क्षमता 147.78 दशलक्ष लिटर.

पाणीखात्याच्या बातम्यांत हा 'दशलक्ष लिटर' सारखा येतो, तो एकदाच समजून घेऊ. 10 हजार लिटरचे 100 टँकर म्हणजे 1 दशलक्ष लिटर. म्हणजे ही टाकी भरायला 14,778 टँकर लागतील. एक टँकर 8 मीटर लांब धरला आणि सगळे एकामागे एक उभे केले, तर रांग मुंबईतून निघून लोणावळ्याच्याही पुढे जाईल. एवढं पाणी जॉगिंग करणाऱ्यांच्या पायांखाली आहे.

कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड, मलबार हिल आणि आसपासच्या भागांना इथून रोज सुमारे 240 दशलक्ष लिटर पाणी जातं. क्षमता 147 आणि पुरवठा 240 कसा, असं वाटेल. घरातला माठ आठवा. माठ 15 लिटरचा असला तरी दिवसभरात आपण त्यातून 25 लिटर पाणी पितो, कारण तो मध्येच पुन्हा भरतो. टेकडीवरची टाकीही तशीच एकीकडे भरत आणि दुसरीकडे रिकामी होत राहते.

## पाणी डोंगरावर कशाला चढवायचं?

गच्चीवर टाकी ज्या कारणाने असते, त्याच कारणाने. पाणी वर ठेवलं की ते आपसूक खाली जातं आणि खाली जाताना जोर घेऊन जातं. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो भरतो. मलबार हिल समुद्रसपाटीपासून सुमारे 50 मीटर, दक्षिण मुंबईतली सर्वांत उंच जागा. तिथलं पाणी गिरगावात उतरतं तेव्हा त्याला ढकलायला पंप लागत नाही, वीज लागत नाही. (प्रत्यक्षात नळाला पूर्ण 50 मीटरचा दाब मिळत नाही. लांब पाइपांतलं घर्षण, गळती आणि एकाच वेळी उघडलेले हजारो नळ तो खाऊन टाकतात. म्हणून तर इमारतींना तळटाकी आणि पंप ठेवावे लागतात.)

मुंबईची जवळपास सगळी पाण्याची व्यवस्था याच उतारावर उभी आहे. तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा लांब ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांत. बरंचसं पाणी तिथून गुरुत्वाकर्षणाने शहराकडे येतं. भातसाचं मात्र नदीत सोडून पिसे इथे पंपाने उचलावं लागतं. शुद्ध झालेलं पाणी मग शहरातल्या टेकड्यांवरच्या टाक्यांत येतं. या टाक्यांना पालिकेच्या भाषेत सेवा जलाशय म्हणतात, म्हणजे तलाव आणि नळ यांच्या मधली टाकी. मलबार हिल ही त्यातली एक. रावळी, वरळी, गोलंजी, भंडारवाडा, पाली हिल ही त्यातलीच आणखी काही. मुंबईच्या टेकड्यांची यादी वाचतो आहोत असं वाटतं आणि ते खरंच आहे.

मधली टाकी हवीच का? हवी, कारण तलावाकडून येणारा प्रवाह दिवसभर सारखा असतो आणि माणसांची गरज तशी नसते. पहाटे साऱ्या शहराला एकदम पाणी हवं असतं, दुपारी नको असतं. शिवाय मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेल्या वेळीच सुटतं. रस्त्यावरच्या झाकणात लांब दांडा घालून व्हॉल्व्ह फिरवणारा पालिकेचा चावीवाला सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याने चावी फिरवली की त्या वस्तीला दोन-तीन तासांत दिवसभराचं पाणी मिळायला हवं. एवढं पाणी एका दमात तलावाकडून येऊ शकत नाही. ते आधी कुठेतरी जवळ आणि उंचावर साठवलेलं असावं लागतं.

## त्याआधी लोक काय प्यायचे?

विहिरीचं आणि तळ्यांचं पाणी. त्यांची नावं अजून बसच्या पाट्यांवर आहेत: सी. पी. टँक, गोवालिया टँक, धोबीतलाव. पाणी गेलं, नाव राहिलं. गोवालिया टँक तर या टेकडीच्या पायथ्याशीच. गवळी तिथे गुरांना पाणी पाजत. पुढे ते तळं बुजवून मैदान झालं आणि 1942 च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'मुळे त्या मैदानाचं नाव देशभर गेलं. टेकडीच्या समुद्राकडच्या अंगाला बाणगंगा मात्र अजून आहे.

वस्ती वाढली तशी विहिरी-तळी पुरेनात आणि रोगराईही त्यांच्यातूनच पसरायची. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. मग तुळशी, मग 1892 मध्ये तानसा. पाणी लांबून येऊ लागलं तशी ते शहराजवळ साठवायची सोय लागली. मलबार हिल आणि माझगावची भंडारवाडा टाकी ही त्या 1880 च्या दशकातली बांधकामं.

बागेला फिरोजशहा मेहतांचं नाव आहे हे मला फार समर्पक वाटतं. 1888 च्या ज्या कायद्यावर मुंबई महापालिका आजही चालते, तो घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा आहे. पण पालिका म्हणजे मुळात काय, हे त्या पुतळ्यापेक्षा ही टाकी जास्त चांगलं सांगते.

## पण वर बागच का?

याची एक आख्यायिका सगळे गाइड सांगतात. शेजारी पारशी समाजाची डुंगरवाडी आहे, म्हणजे मृतदेह पूर्वापार गिधाडांसाठी ठेवले जात ती जागा. तिथली गिधाडं उडता उडता उघड्या पाण्यात काही टाकतील या भीतीने टाकी झाकली, असं म्हणतात. गोष्ट चटपटीत आहे म्हणून टिकली. पण पिण्याचं पाणी झाकायला गिधाडांची गरज नाही. उघड्या पाण्यात ऊन पडलं की शेवाळ धरतं, धूळ पडते, कावळे-कबुतरं तर आहेतच. आपण पाण्याचा हंडासुद्धा उघडा ठेवत नाही.

झाकण घालायचं ठरलं की पुढचा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये उघडी गच्ची तापते, रात्री निवते. या रोजच्या ताणण्या-आखडण्याने छताला चिरा पडतात. वर मातीचा थर आणि हिरवळ असली की छत गार राहतं, पाणीही गार राहतं. आणि एवढी मोठी सपाट जागा मोकळी मिळतेच आहे, तर लोकांना फिरायला का देऊ नये? 1921 मध्ये बागेची पुन्हा उभारणी झाली आणि आज दिसणारं रूप बरंचसं तिथून आलं.

आता ते झुडपांचे हत्ती. गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्याला वड लावायचा मोह होत नाही, कारण वडाची मुळं काय करतात ते जुन्या इमारतींच्या भिंतींवर दिसतंच. टाकीच्या छतावर माती मर्यादित आणि मुळांना खाली जायला मज्जाव. तिथे शोभतात ती गवत, फुलझाडं आणि कापून आकार देता येणारी झुडपं. घनदाट सावलीची झाडं टाकीच्या बाहेर, उताराकडे.

## इथेच एक सरळ गोष्ट नजरेतून सुटते

मलबार हिलवर जमिनीचा भाव काय आहे हे सांगायला नको. तरी या टेकडीवर हिरवाई बरीच उरली आहे. ती कुठे कुठे आहे ते बघा. टोकाला राज्यपालांच्या निवासस्थानाचं आवार, जवळपास 50 एकर. मध्ये डुंगरवाडीची झाडी. आणि ही बाग. यातली एकही जागा 'मुंबईकरांना मोकळी हवा हवी' म्हणून कोणी राखली नव्हती. एक राज्यकर्त्यांसाठी, एक मृतांसाठी आणि एक पाण्यासाठी.

म्हणून मला वाटतं, की टाकी ही बागेची अडचण नसून तिची राखणदार आहे. खाली अर्ध्या दक्षिण मुंबईचं पाणी असलेल्या जागेवर टॉवर उभा करता येत नाही. रस्त्यापलीकडच्या कमला नेहरू पार्कला 1952 मध्ये असं कुठलं पाठबळ नव्हतं, पण तोवर शेजाऱ्याने बागांची सवय लावली होती.

## मग वाद नेमका कशाचा होता?

टाकी जुनी झाली, याचा. पालिकेने तपासण्या केल्या आणि पुनर्बांधणीचा प्रस्ताव आणला: नवी टाकी, क्षमता 191 दशलक्ष लिटर. त्यासाठी 389 झाडांवर परिणाम होणार होता. 189 तोडायची आणि 200 दुसरीकडे लावायची. बाग काही वर्षं बंद. ही सूचना 2023 मध्ये लोकांपुढे आली आणि टेकडी खवळली.

अडचण समजून घ्यायला पुन्हा माठाकडेच जाऊ. घरात एकच माठ आहे आणि तो तळाशी पाझरतोय. तो बदलायचा तर त्यातलं पाणी कुठे ओतायचं? पाहुणे रोज येणारच आहेत. म्हणजे आधी दुसरा माठ आणायला हवा. पालिकेच्या योजनेतली सर्वांत जास्त झाडं खाणारी गोष्ट हीच होती, की जुनी टाकी टप्प्याटप्प्याने पाडण्याआधी शेजारी नवी टाकी खणायची. बागेच्या कडेची मोठी झाडं तिच्या वाटेत आली.

टीका वाढल्यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, स्थानिक जाणकार आणि पालिकेचे अधिकारी अशी समिती नेमली गेली. डिसेंबर 2023 मध्ये कप्पे रिकामे करून माणसं आत उतरली. आणि एकमत झालं नाही. स्थानिक तज्ज्ञांचं म्हणणं, की बांधकाम पाडण्याइतकं खराब नाही, दुरुस्ती पुरे. प्राध्यापकांना काळजी होती ती दुरुस्तीच्या काळात पाणी कुठे ठेवायचं याची, म्हणजे जादा टाकीची. मग आयआयटी रुरकीचंही मत मागवलं गेलं आणि गाडी पाडकामाकडून दुरुस्तीकडे वळली.

## सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, मग पाडायला नको?

वय हे एकटं कारण पुरत नाही. टाकी किती वर्षांची आहे यापेक्षा भिंती, खांब आणि छत यांची आजची ताकद महत्त्वाची. आजीचं वय 85 आहे म्हणून डॉक्टर थेट गुडघा बदलत नाहीत, एक्स-रे काढतात.

पाण्याच्या टाकीत सर्वांत आधी थकतं ते बहुधा छत. भिंती पाण्यात बुडालेल्या असतात; छत मात्र पाणी आणि हवेच्या मध्ये लटकतं. पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. त्याचा दमट वाफारा खालून छताला लागत राहतो, सिमेंटचा थर फुगतो, आतली लोखंडी सळई गंजते, गंजली की जाड होते आणि उरलेलं सिमेंट ढकलून पाडते. हे चक्र वेळेत थांबवता येतं: सैल झालेला भाग खरवडायचा, सळई साफ करायची किंवा नवी जोडायची, वर नवा थर चढवायचा. कुठल्याही जुन्या सोसायटीत हे काम बघायला मिळतं. फरक इतकाच, की सोसायटीत काम चालू असताना लोकांना आत राहता येतं, टाकीत मात्र पाणी ठेवता येत नाही.

म्हणून कप्प्यांचं महत्त्व. पाच कप्पे असल्याने एक रिकामा करून बाकीचे चालवता येतात. तेवढ्या दिवसांत साठा कमी, म्हणजे खालच्या वस्त्यांना पाणी कमी दाबाने. दुरुस्ती फुकट नाही. तिची किंमत झाडांऐवजी पाणीकपातीत मोजली जाते, आणि ती कपात बागेत फिरणाऱ्यांपेक्षा गिरगावच्या चाळीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला जास्त जाणवते.

## हा श्रीमंतांचा आपल्या बागेसाठीचा हट्ट नव्हता का?

हा आक्षेप बराच ऐकू आला आणि तो अगदीच पोकळ नाही. मेट्रोसाठी, रस्त्यासाठी इतर उपनगरांत झाडं गेली तेव्हा समित्या इतक्या चपळाईने नेमल्या गेल्या नव्हत्या. इथल्या रहिवाशांकडे वकील आहेत, अभियंते आहेत, वर्तमानपत्रांचे फोन नंबर आहेत. पण विरोध कोणी केला यावरून तो चूक ठरत नाही. 'आधी आत उतरून बघा, मग पाडा' ही मागणी कुठल्याही वस्तीने केली असती तरी योग्यच ठरली असती. इतर वस्त्यांची अशी मागणी ऐकली जात नाही, हे खरं दुखणं.

## झाडं उचलून दुसरीकडे लावली तर?

कागदावर छान वाटतं. मोठ्या झाडाच्या मुळांचा पसारा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे गेलेला असतो. उचलताना त्यातला मोठा हिस्सा तोडावाच लागतो. मग उरलेल्या मुळांना पेलेल एवढ्याच फांद्या ठेवतात. म्हणजे जे नवीन जागी जातं ते झाड कमी आणि ओंडका जास्त. मुंबईत मेट्रोच्या कामात अशी हलवलेली झाडं बरीच मेली. लहान झाड, पावसाळ्याच्या तोंडावर, नीट निगा राखून हलवलं तर जगतं. पण उतारावर 60-70 वर्षं उभ्या असलेल्या झाडाबद्दल 'पुनर्रोपण' हा शब्द वाचला की मी तरी तो 'तोड' असाच वाचतो.

आणि या टेकडीवर झाडं नुसती सावलीसाठी नाहीत. ऑगस्ट 2020 च्या मुसळधार पावसात याच टेकडीची कड सुटून खाली केम्प्स कॉर्नरजवळच्या रस्त्यावर आली होती आणि वरचा बा. गं. खेर मार्ग बंद ठेवावा लागला होता. मुळांनी धरलेली माती आणि मोकळी माती यांतला फरक तेव्हा दिसला. अशा उतारालगत खोल खड्डा खणताना अभियंत्याला दोनदा विचार करावाच लागतो.

## टाकी दुसरीकडे का नाही?

कारण एवढी उंची जवळपास दुसरीकडे नाही. सपाटीवर टाकी बांधली तर पाणी चढवायला चोवीस तास पंप हवेत. पुन्हा वर येणारे आणि खाली जाणारे मोठे पाइप, जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, चावीवाल्यांच्या वेळा, सगळं या एका जागेभोवती विणलेलं आहे. माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजपासून मलबार हिलपर्यंत आणि इथून क्रॉस मैदानापर्यंत जमिनीच्या पोटातून पाण्याचे बोगदे आहेत. टाकी हलवायची म्हणजे ते सगळं उसवायचं.

अशी बाग बघायची आणि गर्दी नको असेल, तर माझगावला जा. भंडारवाडा टेकडीवरच्या टाकीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. हे बाप्टिस्टा लोकमान्य टिळकांचे सहकारी, पुढे मुंबईचे महापौर. तिथून समुद्राऐवजी गोदीतल्या क्रेन दिसतात आणि सहलीच्या बसगाड्या नसतात. पायांखाली पाणी तसंच.

हँगिंग गार्डनमध्ये मात्र आता येत्या काळात एखाद्या कोपऱ्यात पत्रे लावलेले दिसले, हिरवळ खरवडलेली दिसली, तर खाली एखादा कप्पा रिकामा करून माणसं उतरली असण्याची शक्यता बरीच आहे. त्या दिवशी कुलाब्याला राहणाऱ्या नातेवाइकांना फोन करून बादल्या भरून ठेवायला सांगा.